स्काउट-गाइड पथकाला पाण्यात उतरवताना

पथकाचं जलशिबिर ठरलं की पहिली चर्चा होते होड्या किती, कयाक किती आणि जेवण कुठे याची. त्याआधी एक नाव ठरायला हवं: त्या दिवशी पाण्याचा प्रमुख कोण? हा माणूस वल्हं हातात घेत नाही, फोटो काढत नाही, पालकांचे फोन घेत नाही. काठावर उभं राहून पाहणं, मोजणं आणि गरज पडली की थांबवणं, एवढंच त्याचं काम. संस्थेचे विश्वस्त आलेले असोत की जिल्ह्याचे पदाधिकारी, त्याने 'आज नाही' म्हटलं की आज नाही. हे तयारीच्या बैठकीत सगळ्यांसमोर त्याच्या नावानिशी लिहून ठेवा. आधी ठरवलं नसेल तर ऐन वेळी हा अधिकार कुणाकडेच नसतो. बसमधून उतरलेली मुलं काठावर नाचत असतात आणि सगळेच म्हणतात, 'एक फेरी तर मारून येऊ.'

18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली आणि 12 मुलं व 2 शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरली होती आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं. दोन्ही गोष्टी काठावरून उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या होत्या.

परवानगी आणि जागा

शालेय सहलींबाबतच्या सरकारी सूचनांमध्ये नदी, तलाव, समुद्रकिनारे टाळायला सांगितलेलं असतं. म्हणून सहलीच्या अर्जात 'नौकाविहार' अशी एक ओळ घुसवून काम उरकू नका. स्काउट-गाइडचं प्रशिक्षण म्हणून वेगळा प्रस्ताव करा. त्यात जागा, तारीख, मुलांची संख्या, प्रशिक्षकांची पात्रता आणि बचावाची व्यवस्था लिहा आणि शाळा, जिल्हा संस्था व शिक्षणाधिकारी यांची लेखी मान्यता घ्या. धरणाचं पाणी असेल तर जलसंपदा विभागाच्या संबंधित कार्यालयाचं पत्रही लागतं. बऱ्याच धरणांवर पोहायला सरळ मनाई आहे आणि ती मोडून घेतलेल्या शिबिराला विमाही उपयोगी पडत नाही. होड्या व्यावसायिकाकडून घेणार असाल तर पर्यटन संचालनालयाची साहसी उपक्रमांसाठीची नोंदणी, होडीचं सर्वेक्षण-प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती मागून घ्या. 'सगळं आहे हो सर' हे उत्तर म्हणजे कागद नव्हे.

पालकांच्या संमतिपत्रात 'आमची हरकत नाही' एवढंच नको. फीट येते का, दमा, हृदयाचा त्रास, कानाच्या पडद्याला भोक, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, चालू औषधं हे एकेक विचारा. फीट येणाऱ्या मुलाला डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय पाण्यात उतरवू नका, त्याला काठावरचं खरं काम द्या. दम्याचा पंप मुलाच्या सॅकमध्ये नको, प्रमुखाच्या पिशवीत हवा.

जागा आठवडाभर आधी स्वतः पाहा आणि ज्या वेळी मुलं पाण्यात असतील त्याच वेळी पाहा. जलाशयाचा काठ फसवा असतो. उन्हाळ्यात पाणी मागे गेलं की वर गाळाची वाळलेली साय दिसते आणि खाली गुडघाभर चिखल. बुडालेल्या शेतांचे बांध, विहिरी, झाडांचे बुंधे आणि तारेचं कुंपण पाण्याखाली तसंच असतं. बांबूला फूट-फूट अंतरावर रंगाचे पट्टे ओढा आणि उतरण्याच्या जागेपासून कमरेएवढ्या पाण्यापर्यंत टोचत जा. जुन्या नदीपात्राची कड आली की बांबू एकदम खाली जातो. तिथे मुलांना उतरवायचं नाही. जलपर्णी वाढलेलं पाणी सोडून द्या, वल्हं तिच्यात अडकतं आणि पोहणाऱ्याचे पायही.

नदीवर असाल तर वरच्या धरणातून विसर्ग कधी होतो आणि भोंगा वाजतो का, हे धरणाच्या चौकीवर जाऊन विचारा. आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यापासून दोन्ही बाजूंना निदान 200 मीटर लांब राहा. वरच्या बाजूला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेल्या गाळ्यांतून पाणी ओढून घेतं. खालच्या बाजूला पडणारं पाणी जागच्या जागी उलटं फिरतं आणि लाइफ जॅकेट घातलेल्या माणसालाही पुन्हा पुन्हा भिंतीकडे खेचतं. तिथे बचावाला उतरणाराही बुडतो.

वारा, भरती, हंगाम

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. सकाळी साडेसातला सुरुवात आणि अकराला सगळे काठावर. घाटाखाली आणि किनाऱ्यावर पहाटेचा मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) पडला की दुपारी खारा वारा (समुद्राकडून येणारा) उठतो, आणि मोठ्या जलाशयांवरही दुपारनंतर पाणी हलायला लागतं. एप्रिल-मे मध्ये तर वळवाचा भरवसा नाही. 21 मे 2024 रोजी उजनीत कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून 6 जण गेले. 1912 साली इंग्लंडमध्ये लेज्डाउनजवळ अचानक आलेल्या वाऱ्याच्या झोताने होडी उलटून लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या पथकाचे 8 स्काउट बुडाले होते.

थांबायचं कधी हे डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवर ठरवा. लाटांच्या माथ्यावर तुरळक पांढरा फेस दिसला की पाण्यावरच्यांना परत बोलवा. काठावरच्या झाडांच्या बारीक फांद्या सतत हलू लागल्या असतील तर नवी तुकडी सोडू नका. गडगडाट ऐकू आला की सगळे बाहेर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं पाण्याकडे जायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' हे विजेची सूचना देणारं ॲप प्रमुखाच्या मोबाइलवर असू द्या.

वाऱ्याची दिशाही पाहा. वारा काठाकडून आत वाहत असेल तर काठाजवळचं पाणी आरशासारखं शांत दिसतं आणि तिथेच फसगत होते. कयाक 40 मीटर आत गेली की वारा तिला ढकलत नेतो आणि दमलेल्या मुलाला परत येता येत नाही. वारा आपल्या काठाकडे येणारा असावा, म्हणजे वल्हं हातातून सुटलं तरी होडी आपल्याकडेच येते.

खाडीत जायचं तर भरतीचं गणित आलं. कोकणात तिथीला पाऊणपटीने गुणून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. अंदाजाला हे ठीक आहे, पण शिबिराची वेळ त्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरूनच ठरवा. भरती पूर्ण होण्याआधी दीड तास सुरुवात आणि भरतीच्या वेळेपर्यंत सगळे बाहेर. या वेळेत सुटलेली होडी खाडीच्या आत जाते. ओहोटी लागली की तीच होडी मुखाकडे, म्हणजे समुद्राकडे निघते. सहा तासांच्या चढ-उतारापैकी निम्मं पाणी मधल्या दोन तासांत हलतं, म्हणून ते दोन तास सर्वांत ओढीचे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात खाडी टाळा, भांगाचे, म्हणजे कमी चढ-उताराचे दिवस निवडा.

उघडा समुद्र नवख्या पथकासाठी नाहीच. मेअखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत किनाऱ्यावरचे जलक्रीडा व्यवसाय साधारण बंदच असतात. ते बंद असताना ओळखीच्या नावाड्याला गाठून मुलांना नेणारे लोक पाहिले की हात जोडावेसे वाटतात.

लाइफ जॅकेट: अंगात घालून आणि पाण्यात टाकून पाहा

जॅकेटवर 50, 100 किंवा 150 न्यूटन असा तरंगवण्याच्या ताकदीचा आकडा असतो. 50 चं जॅकेट हे पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत करतं, पण शुद्ध हरपलेल्याचं तोंड वर ठेवण्याची हमी देत नाही. पोहता न येणाऱ्यांसाठी 100 न्यूटनचं, मानेमागे कॉलर असलेलं जॅकेट घ्या. आकडा मोठ्या मापाचा असतो आणि मुलांच्या मापात तो कमी होतो, म्हणून लेबलवरचं वजन वाचा. 30 ते 40 किलोच्या मुलाला 'फ्री साइज' दिलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट कानांपर्यंत वर येतं आणि मूल त्यातून खाली सरकतं.

भाड्याच्या जॅकेटांची लेबलं उन्हाने पुसलेली असतात. तेव्हा ही चाचणी करा. किराणा दुकानातली लोखंडी वजनं घ्या. 4 किलोचं लोखंड पाण्यात सुमारे साडेतीन किलो भरतं, म्हणजे जवळजवळ 34 न्यूटन. 40 किलोच्या आतल्या मुलाचं जॅकेट एवढं तरी पेलायलाच हवं. वजनं कापडी पिशवीत घालून पिशवी जॅकेटच्या पट्ट्यांना बांधा आणि हौदात सोडा. जॅकेट लगेच बुडालं तर ते बाद. तरंगलं तर रात्रभर तसंच ठेवा. सकाळी ते पाण्याखाली गेलेलं दिसलं तर आतल्या फोमने पाणी ओढलं आहे. स्वस्त जॅकेटांत थर्माकोलचे तुकडे भरलेले असतात. ते हाताने दाबलं की कुरकुरतं आणि दाबलेली जागा परत फुगत नाही. मोठ्यांच्या जॅकेटला 5 किलोचं लोखंड लावा.

प्रत्यक्ष घालताना क्रम असा: बक्कल लावा, आधी कमरेचा पट्टा ओढा, मग छातीचा, शेवटी दोन्ही पायांमधला. मग मोठ्या माणसाने मुलाच्या दोन्ही खांद्यांवरच्या पट्ट्या धरून वर उचलायचं. जॅकेट हनुवटीला लागलं तर ते सैल किंवा मोठं आहे. पायांमधला पट्टा तुटलेला असेल तर दोरीची जुळणी नको, जॅकेट बदला. प्रत्येक जॅकेटला शिट्टी बांधलेली हवी आणि तिचा आवाज आदल्या दिवशी वाजवून पाहिलेला हवा. जॅकेट काठावर चढवायचं आणि काठावरच उतरवायचं. होडीत बसल्यावर 'उकडतंय' म्हणून बक्कल उघडणाऱ्याची फेरी तिथेच संपते, मग तो संघनायक असला तरी.

गणवेश पाण्यासाठी नाही. स्कार्फ, लॅनयार्ड (गळ्यातली दोरी), पट्टा आणि जड बूट उतरवून ठेवा. जीन्स नको, ओढणी नको. टी-शर्ट, ट्रॅक पँट किंवा लेगिंग्ज आणि पायात जुने कॅनव्हास. चप्पल चिखलात राहते आणि काचेने तळवा कापतो. चष्म्याला दोरी बांधा. गाइड असतील तर दोन महिला प्रौढ आणि कपडे बदलायला बंद जागा यांशिवाय कार्यक्रम ठरवू नका. पाळी असलेल्या मुलीला चारचौघांत कारण सांगावं लागणार नाही अशी सोय गाइड पथकाच्या कॅप्टनने आधीच ठेवावी.

पोहण्याची परीक्षा आणि खिळ्यांची फळी

'पोहता येतं का?' असं विचारलं की वर्गातले सगळे हात वर होतात. म्हणून आठवडाभर आधी तरण तलावावर परीक्षा घ्या. डोक्यापेक्षा खोल पाण्यात उडी, वर येऊन न थांबता 50 मीटर पोहणं, मग 2 मिनिटं पाठीवर तरंगणं. हे जमलं तर हिरवा बिल्ला. कसंबसं जमलं, मध्ये कठडा धरला तर पिवळा. न जमल्यास लाल. लाल म्हणजे बाहेर नव्हे. लाल बिल्ल्याचं मूल 100 न्यूटनचं जॅकेट घालून मोठ्या माणसाबरोबरच होडीत बसतं, एकट्याने कयाक चालवत नाही. याच दिवशी सगळ्यांना, पोहणाऱ्यांनाही, कपडे आणि जॅकेट घालून पाण्यात सोडा. पहिल्यांदा पाण्यात पडल्यावर काही मुलं हात वर फेकून किंचाळतात. ते तलावात समजलेलं बरं. कब-बुलबुल, म्हणजे सर्वांत लहान गटातली मुलं-मुली, यांचं पाणी तरण तलावातलं, कमरेपर्यंतचं, आणि तेवढंच.

आता फळी. दोन फूट लांब लाकडी फळीवर जोडीजोडीने खिळे ठोका. प्रत्येक मुलाचा नावाचा बिल्ला एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने लाल. पाण्यात जाताना मूल स्वतःच्या हाताने बिल्ला लाल बाजूने टांगतं, बाहेर आल्यावर उलटून पांढरा करतं. दुसऱ्याचा बिल्ला उलटायचा नाही, हा नियम कडक पाळा. सगळा घोटाळा 'मी त्याचा पण केला, सर' इथूनच सुरू होतो. फळीजवळ एक रोव्हर किंवा रेंजर (स्काउट-गाइडच्या मोठ्या वयोगटातला तरुण किंवा तरुणी) वही घेऊन बसवा आणि त्याला दुसरं काम देऊ नका.

मुलांच्या जोड्या पोहण्याच्या ताकदीवर लावा, मैत्रीवर नको. दर 10 मिनिटांनी प्रमुख लांब शिट्टी देतो. सगळे थांबतात, जोडीदार हात धरून वर करतात, प्रमुख मोजतो आणि आकडा फळीशी जुळवतो. जुळला नाही तर पुन्हा मोजत बसायचं नाही. सगळ्यांना बाहेर काढा, मोठ्याने नावं घ्या, फळीवर ज्याच्या नावाचा बिल्ला लाल बाजूने आहे आणि आवाज नाही त्याला शेवटचं कुठे पाहिलं ते जोडीदाराला विचारा आणि त्याच क्षणी 112 लावा. मूल झाडामागे लघवीला गेलेलं निघालं तर फोन करून थांबवता येतं.

24 मुलांचं पथक असेल तर 8 जणांचा एकच संघ पाण्यावर ठेवा. दुसरा संघ काठावर दोरी फेकण्याचा सराव करेल, तिसरा सावलीत कृत्रिम श्वास आणि गाठी शिकेल. 40-40 मिनिटांची पाळी. पाण्यावरच्या 8 जणांमागे होडीत एक आणि काठावर एक असे दोन प्रशिक्षित जीवरक्षक हवेत, प्रमुख वेगळा. सुरक्षा-होडी सतत पाण्यात असावी आणि वाऱ्याच्या खालच्या बाजूला थांबावी, कारण कयाक वाहत येतात त्या तिथेच. काठावर नांगरलेल्या सुरक्षा-होडीचा उपयोग नाही, दोरी सोडून इंजिन चालू करण्यातच दोन मिनिटं जातात. क्षेत्राची हद्द 5 लिटरच्या रिकाम्या कॅनला दोरी आणि दगड बांधून दाखवा: काठाला धरून 100 मीटर, आत 50 मीटर.

होडीत बसणं आणि होडी उलटणं

होडीवर लिहिलेली क्षमता मोठ्यांची असते, म्हणून 'मुलं आहेत, दोन जास्त चालतील' हा हिशेब निघतो. मुलं जागची हलतात, एका बाजूला मासा दिसला की सगळी तिकडे झुकतात. लिहिलेल्या आकड्यापेक्षा दोन कमी बसवा. भरलेल्या होडीचा काठ मध्यभागी पाण्यापासून निदान फूटभर वर हवा. चढताना एकेक जण मध्यरेषेवर पाय ठेवून, वाकून, दोन्ही काठ धरून. जागा बदलायची तर एका वेळी एकानेच. दोन जणांच्या कयाकमध्ये जास्त ताकदीचा मागे बसतो, दिशा त्याच्या हातात असते.

पाण्यात माणूस असताना मोटरबोटचं इंजिन बंद, फक्त मोकळ्या गिअरमध्ये ठेवून भागत नाही. पंखा फिरतच असू शकतो. चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली आहे का तेही पाहा, बऱ्याचदा ती आरशाला लटकवलेली दिसते.

होडी उलटवण्याचा सराव पहिल्याच तासाला, छातीभर पाण्यात करा. क्रम एकच: होडी धरा, मोजा, शिट्टी वाजवा, थांबा. काठ जवळ दिसतो म्हणून पोहत निघायचं नाही. पाण्यावरून अंतर नेहमी कमी वाटतं, आणि शोधणाऱ्याला उलटी होडी दिसते, एकटं डोकं दिसत नाही. कयाक सरळ करायची तर पलीकडचं हँडल धरून छातीने तिच्यावर रेला आणि मागे झुका. मग पोटावर आडवं चढा, वळा, बसा. पाय आधी टाकायला गेलं की ती परत उलटते.

शिट्ट्या: एक लांब, थांबा आणि बघा. दोन, काठावर या. तीन-तीन सतत, मदत हवी.

कुणी अडचणीत असेल तेव्हा

आधी काठी किंवा वल्हं पुढे करा, पोहोचत नसेल तर दोरी फेका, मग होडी न्या. पाण्यात उडी सगळ्यांत शेवटी, आणि तीही फक्त प्रशिक्षित जीवरक्षकाने, तरंगतं साधन हातात घेऊन. बुडणारा माणूस हाताला लागेल ते दाबून वर येतो. मुलांना हे स्पष्ट सांगा: मित्र बुडताना दिसला तर ओरडा, फेका, पण उतरू नका.

फेकायची दोरी 8 ते 10 मिलिमीटर जाडीची, 15 ते 20 मीटर लांब आणि पॉलिप्रोपिलीनची हवी, ती तरंगते. नायलॉनची बुडते. पिशवीत ती गुंडाळून नाही, हाताने मूठमूठ कोंबून भरायची, म्हणजे फेकताना गुंता होत नाही. दोरी डोक्यावरून पलीकडे पडली पाहिजे, समोर पडली तर तिच्याकडे पोहत यावं लागतं. दोरीचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधू नका. ओढताना खाली बसा. बोलाइन आणि क्लोव्ह हिच या गाठी पथकाला येतातच, त्या ओल्या हातांनी, पाठीमागे हात धरून बांधायला लावा.

बाहेर काढलेलं मूल बेशुद्ध असेल आणि श्वास नसेल तर पोट दाबणं, उलटं टांगणं, खांद्यावर घेऊन पळवणं यांतलं काहीही नको. त्याने पोटातलं पाणी वर येऊन श्वासनलिकेत जातं आणि मिनिटं वाया जातात. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक धरून आधी 5 श्वास द्या. बुडालेल्याला प्राणवायू कमी पडलेला असतो, म्हणून इथे सुरुवात श्वासाने. मग छातीवर 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 या गतीने, मुलांत सुमारे 5 सेंटिमीटर खोल. एकाने हे करायचं, दुसऱ्याने 108 लावायचा. किनाऱ्यावर तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 हेही फळीवर खडूने लिहून ठेवा. घाटातल्या जलाशयांवर मोबाइलला रेंज नसते. कुठल्या टेकाडावर रेंज येते आणि जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे हे पाहणीच्या दिवशीच नोंदवा, आणि शिबिरभर एक गाडी चालकासह मोकळी ठेवा.

परतल्यावर

पाणी नाकातोंडात गेलेल्या मुलाचं नाव पालकांना त्याच दिवशी सांगा. पुढच्या काही तासांत सतत खोकला, धाप, उलटी किंवा वेगळीच सुस्ती दिसली तर 'दमला असेल' म्हणून झोपवू नका, रुग्णालयात न्या. पाण्यात उतरण्याआधी ज्यांना जखम होती त्यांना आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पाण्यात उतरल्याचं सांगायला हवं, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) तपासणी त्यावरून सुचते.

जॅकेट गोड्या पाण्याने धुऊन सावलीत, दोरीवर नाही तर जाड हँगरवर वाळवा. उन्हाने कापड आणि शिवण कुजते. एकावर एक रचून वर तंबूचं ओझं ठेवलं तर फोम चेपतो आणि पुढच्या वर्षी तीच जॅकेट वजनाच्या चाचणीत बुडतात. पट्टा, बक्कल, शिट्टी यांतलं जे तुटलं त्याची चिठ्ठी त्याच जॅकेटला बांधून ते वेगळं काढा.